सांगोवांगी : अफवा तपासायला शिकवणारा पाठ (इयत्ता ५ वी ते ७ वी)



पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीलाच संविधानाची उद्देशिका असते, मूलभूत कर्तव्यंही असतात. त्यात वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणं हे एक कर्तव्य आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ही कर्तव्यं अनुच्छेद ५१ क मध्ये आली. मुलं ती घडाघडा म्हणून दाखवतात. पण 'वैज्ञानिक दृष्टिकोन म्हणजे काय रे?' असं विचारलं की उत्तर येतं, 'मॅडम, प्रयोगशाळा.' मोबाईलवर आलेल्या मेसेजशी याचा काही संबंध असेल, असं त्यांच्या मनातही येत नाही. खरं सांगायचं तर मोठ्यांच्याही येत नाही. म्हणून हा पाठ. दोन तासिका पुरतात, साहित्य म्हणजे फळा आणि वही.

मी सुरुवात आपल्याच जिल्ह्यातल्या घटनेने करते. लांबची गोष्ट सांगितली की मुलांना वाटतं, ते लोक अडाणी असतील.

सप्टेंबर २०२२. जत तालुक्यातलं लवंगा गाव. उत्तर प्रदेशातले चार साधू गाडीने विजापूरकडून पंढरपूरला निघाले होते. वाटेत त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला. तेवढ्यावरून कुणाला तरी वाटलं, ही मुलं पळवणारी टोळी. माणसं जमली, बोलाचाली झाली आणि चौघांना काठ्यांनी, पट्ट्यांनी मारहाण झाली. पोलिसांनी चौकशी केली तर ते खरेच साधू निघाले. मारहाणीचा व्हिडिओ देशभर फिरला. नंतर गुन्हा दाखल झाला, अटकाही झाल्या.

इथे थांबून मी फळ्यावर एकच वाक्य लिहिते : 'साधूंनी मुलाला रस्ता विचारला.' आणि मुलांना विचारते, यातलं डोळ्यांनी दिसलेलं किती आणि मनाने जोडलेलं किती? पाचवीची मुलंसुद्धा बरोबर सांगतात. दिसलं एवढंच की गाडी थांबली आणि चार अनोळखी माणसं मुलाशी बोलली. 'टोळी' हा शब्द आधीच लोकांच्या मोबाईलमध्ये येऊन बसला होता. त्या दिवसांत मुलं पळवणाऱ्यांचे मेसेज सगळीकडे फिरत होतेच. पाठाचा निम्मा भाग याच प्रश्नात आहे, म्हणून इथे घाई करू नका. एखादं मूल म्हणतं, 'पण मॅडम, खरंच असते तर?' हा प्रश्न चांगला आहे, तो दाबू नका. खरंच असते तर काय करायचं होतं, हे मुलांकडूनच काढून घ्या. गाडीचा नंबर घ्यायचा, पोलिसांना फोन करायचा, सरपंच किंवा पोलीस पाटलांना बोलवायचं. यातल्या एकाही गोष्टीला काठी लागत नाही.

मग राईनपाडा. धुळे जिल्हा, साक्री तालुका, १ जुलै २०१८, आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं तिथे आली होती. बहुतेक जण मंगळवेढ्याकडचे, म्हणजे आपल्या शेजारचेच. पिढ्यान् पिढ्या गावोगाव फिरून भिक्षा मागणारा हा समाज. मुलं पळवणारे समजून जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात मरेस्तोवर मारलं. लहान मुलांना याचे तपशील सांगायची गरज नाही. पण एक गोष्ट जरूर सांगा. त्या काळात देशभर एक व्हिडिओ फिरत होता : मोटारसायकलवरचे दोघे येतात आणि रस्त्यावरचं मूल उचलून नेतात. तो मुळात कराचीतल्या एका संस्थेने बनवलेला जनजागृतीचा व्हिडिओ होता. शेवटी ते दोघे मूल परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. तो शेवट कुणीतरी कापला. खोटं बनवायला नवीन काही तयार करावं लागत नाही, खऱ्यातलं थोडं कापलं की पुरतं. मुलांना हे करून दाखवायला सोपं आहे. एक गोष्ट वाचा, शेवटची चार वाक्यं गाळा आणि अर्थ विचारा.

त्याच जुलैमध्ये व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी फक्त पाच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. पुढे पुढे जात आलेल्या मेसेजवर दोन बाणांची खूण दिसते, तिचा अर्थ मुलांना सांगा. घरी जाऊन तीच आई-वडिलांना शिकवतील.

राईनपाड्याच्याच दिवशी मालेगावातही जमावाने पाच जणांच्या कुटुंबाला घेरलं होतं. त्यात दोन वर्षांचं मूल होतं. तिथल्या काही रहिवाशांनी त्यांना घरात घेतलं आणि पोलीस येईपर्यंत सांभाळलं. पाचही जण वाचले. मी मुलांना विचारते, दोन्हीकडे अफवा तीच, मग फरक कुठे पडला? उत्तर त्यांना लगेच सापडतं. गर्दीतली बहुतेक माणसं मारत नसतात, बघत असतात. 'आपल्याला काय करायचंय' म्हणून उभी असतात, काही जण तर शूटिंग करत असतात.

आता अवघड भाग. सप्टेंबर २०२३ मध्ये खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत सोशल मीडियावरच्या आक्षेपार्ह मजकुरावरून दंगल झाली. जमावाने प्रार्थनास्थळावर आणि दुकानांवर हल्ला केला, एका तरुणाचा जीव गेला. सातारा जिल्ह्यात इंटरनेट बंद ठेवावं लागलं. लवंग्याला मार खाणारे साधू होते, पुसेसावळीत गेलेला तरुण मुस्लिम होता. माझं निरीक्षण असं की एका प्रकारच्या ग्रुपवर पहिली घटना वर्षभर फिरत राहते आणि दुसरीचं नाव निघत नाही. दुसऱ्या प्रकारच्या ग्रुपवर नेमकं उलटं. दोन्ही घटना एकाच दमात सांगणारा मला क्वचित भेटतो. समाजाचे दोन तुकडे होतात ते बहुतेक वेळा असे होतात. दोन्हीकडचे लोक खोटंच बोलतात असं नाही, पण अर्धं खरं वाटून घेतात. काही शिक्षक म्हणतात, हा विषय वर्गात नको, पालक नाराज होतील. मला ते पटत नाही. मुलांनी हे सगळं मोबाईलवर आधीच बघितलेलं असतं. वर्गात आपण एवढंच बघायचं की दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी ठेवल्या जातील आणि कुठल्याच मुलाकडे बाकीच्यांच्या नजरा वळणार नाहीत. पाचवीला पुसेसावळी सांगू नका, सातवीला सांगा.

आपल्या बाजूची गोष्ट आपण तपासत नाही, हे शिकवायला आपल्या भागाचा इतिहासच हाताशी आहे. १९४३ च्या सुमारास जुन्या सातारा जिल्ह्यात (आजच्या सांगली जिल्ह्याचा काही भाग तेव्हा त्यातच होता) क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. न्यायदान मंडळं, तुफान सेना, शेणोलीजवळची रेल्वेलूट, सगळं खरं. पण लोकांच्या तोंडी 'प्रतिसरकार'चं 'पत्रीसरकार' झालं आणि बैलाला ठोकतात तशी पत्री फितुरांच्या पायाला ठोकायचे, ही गोष्ट घरोघर पोचली. त्या चळवळीतले कार्यकर्ते सांगत की शिक्षा होती ती तळपायावर काठीचे फटके देण्याची. मुलांना मी विचारते, तुमच्या आजोबांनी कोणती गोष्ट सांगितली? बहुतेकांचं उत्तर पत्रीचं असतं. गोष्ट आवडीची होती, म्हणून ती वाढत गेली. यात नाना पाटलांचं मोठेपण कमी होत नाही, हेही तिथेच सांगा, नाहीतर मुलं घरी भलतंच सांगतील!

साताऱ्याचं नाव घेतलं की डॉ. नरेंद्र दाभोलकर आठवतातच. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितो म्हणून देशभर रांगा लागल्या, तेव्हा पृष्ठताण आणि केशाकर्षण म्हणजे काय, हे विज्ञानाच्या कार्यकर्त्यांनी लोकांना करून दाखवलं. हा प्रयोग वर्गात चमचा, पाणी आणि कुठलाही गुळगुळीत दगड घेऊन होतो. मूर्ती आणू नका. मुद्दा श्रद्धेचा नाही, बघण्याचा आहे.

शिक्षकांसाठी एक आठवण. नोव्हेंबर २०१८ मध्ये शाळांमधून गोवर-रुबेला लसीकरण सुरू झालं, तेव्हा किती पालकांनी 'आमच्या मुलाला टोचू नका' म्हणून चिठ्ठ्या पाठवल्या होत्या, आठवा. कारण विचारलं की मोबाईल पुढे करायचे. केरळच्या कण्णूर जिल्ह्यातही अशाच अफवांमुळे लसीकरण अडलं. तिथल्या प्रशासनाने त्याच वर्षी सरकारी शाळांमधून खोटी बातमी ओळखण्याचे वर्ग सुरू केले. रागावून पालक ऐकत नाहीत, हा माझा अनुभव. 'तुम्हाला हे कुणी पाठवलं? त्यांना कुणी?' एवढं शांतपणे विचारलं की दुसऱ्या-तिसऱ्या पायरीलाच धागा तुटतो, आणि तो तुटलेला त्यांना स्वतःला दिसतो.

गृहपाठ : दहा रुपयांचं नाणं. 'हे चालत नाही' म्हणणारे दुकानदार आपल्याकडे अजून भेटतात. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये स्पष्ट केलं होतं की तोवर काढलेली दहाच्या नाण्याची चौदाही रूपं कायदेशीर चलन आहेत. मुलांनी गावातल्या तीन दुकानांत आणि एका बँकेत मोठ्यांसोबत जाऊन विचारायचं : नाणं घेता का? नसाल घेत, तर चालत नाही हे कुणी सांगितलं? उत्तर जसंच्या तसं वहीत लिहायचं. दुकानदाराशी वाद घालायचा नाही.

पालकहो, हाच प्रश्न मुलं तुम्हालाही तुमच्या एखाद्या मेसेजबद्दल विचारतील. उत्तर ठाऊक नसेल तर वहीत 'माहीत नाही' असंच लिहून द्या. त्यालाही बरोबरची खूण मिळते.