मालाचे नाव आणि त्यावरील हक्क
(ग्रामकार्यकर्ते व शेतकरी यांच्यासाठी अभ्यासपाठ)

यवतमाळ जिल्ह्यातील शेतकरी व महिला बचत गट आपला माल आता केवळ आठवडी बाजारातच विकतात असे नाही. हळद, तूरडाळ, पापड, मसाले इत्यादी जिन्नस पिशवीत भरून, त्यांवर नाव छापून, भ्रमणध्वनीद्वारे दूरच्या गिऱ्हाइकास पाठविले जातात. पूर्वी एकाच नावाचे दोन विक्रेते, एक वणीस व दुसरा साताऱ्यास, आयुष्यभर एकमेकांच्या वाटेस जात नसत. ऑनलाइन बाजारात मात्र ते एकाच पडद्यावर शेजारी येतात आणि तेथेच तंट्यास आरंभ होतो. ज्याचे नाव गेले, त्याच्या छापलेल्या पिशव्या वाया जातात आणि कष्टाने जोडलेले गिऱ्हाईकही तुटते. यास्तव हा विषय प्रत्येक गटाने समजून घेणे अगत्याचे आहे.

व्यापारचिन्ह म्हणजे काय?

ज्या नावावरून वा चित्रावरून गिऱ्हाईक माल कोणाचा हे ओळखते, ते व्यापारचिन्ह होय. बोलण्यात आपण त्यास ट्रेडमार्क म्हणतो. त्याचे संरक्षण १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याने होते. हा कायदा २००३ पासून अमलात आहे. नोंदणी दहा वर्षांची असते व ती पुनःपुन्हा वाढविता येते. नोंदणी नसली तरी, आपल्या नावाचा लौकिक झालेला असून दुसरा त्याच नावाखाली आपला माल खपवीत असेल, तर न्यायालयात दाद मागता येते. परंतु तेथे लौकिक पुराव्याने सिद्ध करावा लागतो.

सारखेपणा कसा ठरतो?

‘अमृतधारा’ हे औषध १९०१ पासून लाहोरहून विकले जात असे. १९२३ पासून उत्तर प्रदेशात ‘लक्ष्मणधारा’ विकले जाऊ लागले. हा वाद १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढला. न्यायालयाने असे धरले की, खरेदी करणारा खेड्यातीलही असतो, शहरातीलही असतो; तो साधारण बुद्धीचा व अपुऱ्या स्मरणाचा असतो. तो शब्दाची फोड करून अर्थ पाहत नाही. कानावर पडलेल्या एकंदर नादावरून वस्तू मागतो. म्हणून ही दोन नावे फसगत होण्याइतकी सारखी ठरली. तथापि जुन्या मालकाने दुसऱ्याचा व्यापार दीर्घकाळ चालू दिला होता. त्यामुळे ‘लक्ष्मणधारा’स केवळ उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळाली. दुसऱ्याची आगळीक दिसताच गप्प बसणे हिताचे नाही, हा यातील दुसरा धडा होय.

माल थोडा निराळा आहे म्हणूनही सुटका होत नाही. ‘ग्लुकोविटा’ हे ग्लुकोजच्या भुकटीचे नाव असता ‘ग्लुविटा’ हे नाव बिस्किटांस घेण्यास सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली मान्यता दिली नाही.

संकेतस्थळाचे नाव

१९९९ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे ‘रेडिफ’ या नावाचा वाद आला. दुसऱ्या एका व्यावसायिकाने एकाच अक्षराच्या फरकाने ‘रॅडिफ’ असे संकेतस्थळाचे नाव घेतले होते. संकेतस्थळाचे नाव हा केवळ पत्ता नसून व्यापारनावाप्रमाणेच संरक्षणास पात्र आहे, असे मानून न्यायालयाने त्यास मनाई केली. पुढे २००४ साली ‘सिफी’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हेच तत्त्व स्वीकारले.

आधीच्या वापराचे महत्त्व

पुण्यातील ‘बर्गर किंग’ या उपाहारगृहावर त्याच नावाच्या अमेरिकन कंपनीने २०११ साली दावा लावला. पुण्याचे दुकान १९९२ पासून ते नाव वापरीत होते. कंपनीची भारतातील पहिली उपाहारगृहे २०१४ साली उघडली. ऑगस्ट २०२४ मध्ये पुणे जिल्हा न्यायालयाने कंपनीचा दावा फेटाळला. त्यावर कंपनी अपिलात गेली. आधीचा वापर हा मोठा आधार आहे, हे येथे दिसते. पण तेरा वर्षांनंतरही तंटा मिटला नाही, हेही दिसते. वाद जिंकण्यापेक्षा तो टाळणे लहान व्यावसायिकास परवडते.

नाव कसे निवडावे?

‘शुद्ध हळद’ किंवा ‘यवतमाळ तूरडाळ’ अशी केवळ गुण वा गाव सांगणारी नावे सहसा एकट्याची होत नाहीत. शेजारच्या वर्धा जिल्ह्यातील ‘वायगाव हळद’ यास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ते नाव कोणत्याही एका व्यापाऱ्याचे नव्हे. देवादिकांची व धर्मग्रंथांची नावेही दुबळी ठरतात. ‘रामायण’ या नावावर एकट्याचा हक्क सांगता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली म्हटले आहे. समजा, कळंब येथील गटाने ‘चिंतामणी मसाले’ हे नाव घेतले. तर तसेच नाव घेणारे इतरत्र अनेक निघतील. म्हणून मालाशी थेट अर्थसंबंध नसलेला, नवा व उच्चारास सोपा शब्द निवडावा.

करावयाच्या गोष्टी

१. पिशव्या छापण्यापूर्वी व्यापारचिन्ह नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर नाव शोधून पाहावे. हा शोध विनामूल्य असून उच्चाराने सारखी नावेही त्यात पाहता येतात.

२. मालाचा वर्ग निश्चित करावा. एकूण ४५ वर्ग आहेत. मसाले व पीठ ३० व्या वर्गात, लोणची व खाद्यतेल २९ व्या वर्गात, तर बियाणे व ताजा शेतमाल ३१ व्या वर्गात येतो.

३. अर्ज मुंबई कार्यालयाकडे ऑनलाइन करता येतो. २०१७ च्या नियमांनुसार व्यक्ती व लघुउद्योग यांस त्याचे शुल्क प्रत्येक वर्गास ४,५०० रुपये आहे. लघुउद्योगाने उद्यम प्रमाणपत्र जोडावे.

४. तपासणीत हरकत निघाल्यास तीस दिवसांत उत्तर द्यावे. नाव जर्नलमध्ये प्रसिद्ध झाल्यावर चार महिन्यांपर्यंत कोणीही विरोध नोंदवू शकतो.

५. पहिले बिल, छपाईची पावती व जाहिरात तारखेसह जपून ठेवावी.

६. नोंदणी होण्यापूर्वी वर्तुळातील ‘आर’ हे चिन्ह छापू नये. कायद्याने ते दंडास पात्र आहे.

अन्नपरवाना, जीएसटी क्रमांक, उद्यम प्रमाणपत्र किंवा उत्पादक कंपनीची नोंदणी यांपैकी कशानेही व्यापारचिन्हाचा हक्क मिळत नाही. हा गैरसमज ग्रामकार्यकर्त्यांनी आवर्जून दूर करावा.

नोटीस आल्यास

घाबरू नये व नोटीस दुर्लक्षूही नये. रागाच्या भरात दूरध्वनीवर काही कबूल करू नये. दोघांचा पहिला वापर केव्हाचा, माल कोणता व नोंदणी कोणाची, हे लिहून काढावे आणि वकिलाचा सल्ला घ्यावा. महिला, अनुसूचित जाती-जमाती व अल्प उत्पन्न असलेल्या व्यक्तींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत कायदेविषयक साहाय्य मिळू शकते. आपली चूक असल्यास नाव लवकर बदलणे बरे. उशीर होईल तितका छापील माल वाढत जातो.

गटसभेत विचारावयाचे प्रश्न

१. आपल्या मालाचे नाव दुसरा कोणी वापरतो काय? ते शोधून पाहिले आहे काय?
२. ते नाव आपण केव्हापासून वापरतो, याचा कागदोपत्री पुरावा कोणाजवळ आहे?
३. नोंदणी गटाच्या नावे व्हावी की एका सभासदाच्या? सभासद गट सोडून गेल्यास नाव कोणाचे राहील?

तिसऱ्या प्रश्नाचा निर्णय ठराव करून लेखी नोंदवावा.