४.३ ऑनलाइन वर्गचर्चेची आखणी

छात्राध्यापकांच्या ऑनलाइन चर्चेत ‘बोली म्हणजे काय?’ असे विचारले, की पहिल्या उत्तरानंतर इतरांना बोलण्यासारखे काही उरत नाही. त्याऐवजी ‘वर्गातील मूल “पाणी”ऐवजी “पानी” म्हणाले, तर आपण काय कराल?’ असे विचारावे. याला एकच उत्तर नाही. प्रत्येकाला स्वानुभवातून बोलता येते.

प्रश्नानंतर थांबणेही आवश्यक असते. मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिले, की शिक्षक साधारणतः १ सेकंदच थांबतात. ३ सेकंद थांबल्यास उत्तरे दीर्घ होतात व अधिक विद्यार्थी बोलतात. ऑनलाइन वर्गात माइक सुरू करण्यासही वेळ जातो. म्हणून प्रथम २ मिनिटे लेखन, मग चौघांच्या गटात चर्चा आणि शेवटी सर्वांसमोर मांडणी, असा क्रम ठेवावा.

मौन राखणारा छात्राध्यापक कधीकधी स्वतःच ‘पानी’ म्हणणारा असतो. चर्चेत त्याचा उच्चार सुधारू नये. आधी म्हणणे ऐकावे. ज्याचे म्हणणे त्याच्या बोलीत ऐकून घेतले जाते, त्याला उद्या मुलांचे ऐकून घेणे जमते.

स्वाध्याय : ‘संधी म्हणजे काय?’ हा प्रश्न चर्चायोग्य स्वरूपात लिहा.