बुबुळाला काडी लागली तर: जंतू ओळखेपर्यंतच्या पाच पायऱ्या

सेवाग्रामच्या परिसरात दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनची मळणी चालते, नंतर तूर निघते, उन्हाळ्याच्या तोंडाशी पऱ्हाटी उपटली जाते. कुटार उडते, तुराटीचे टोक डोळ्याला लागते, बुबुळावर ओरखडा उठतो. बहुतेक ओरखडे भरून येतात. काहींमध्ये काडीवरची बुरशी किंवा मातीतले जीवाणू शिरतात आणि बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात, म्हणजे कॉर्नियात, व्रण होतो. तो नीट बरा झाला नाही तर मागे पांढरे फूल राहते आणि नजर जाते. अशा वेळी घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘कोणते थेंब टाकायचे?’ त्याआधी विचारायला हवे, ‘जंतू कोणता आहे?’ बुरशी, जीवाणू आणि अमीबा यांची औषधे वेगवेगळी आहेत. त्यामुळे उत्तर लवकर मिळावे, आणि त्याआधी कोणी ते बिघडवू नये, यासाठी पुढच्या पायऱ्या सांभाळा.

1. पहिला दिवस: धुवा, चोळू नका

डोळा स्वच्छ पाण्याने धुवा. पदराच्या टोकाने किंवा जिभेने कचरा काढू देऊ नका. मध, तूप, अंगावरचे दूध, झाडपाल्याचा रस यांतले काहीही घालू नका. रुतलेली काडी स्वतः उपटू नका. त्याच दिवशी आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात डोळा दाखवा. नेपाळमधल्या भक्तपूर इथला 2001 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या घाईचे मोल सांगतो. तिथे प्रशिक्षित गावकरी स्वयंसेवकांनी साध्या ओरखड्यावर तीन दिवस क्लोरॅम्फेनिकॉलचे 1 टक्का मलम लावले. इजेनंतर 18 तासांच्या आत मलम सुरू झालेल्यांपैकी एकालाही व्रण झाला नाही.

2. बाटलीवरचे नाव वाचा

लाल डोळ्यासाठी दुकानातून आणलेल्या थेंबांत अनेकदा स्टेरॉइड असते. बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन लिहिलेले असेल तर डॉक्टरांनी डोळा तपासल्याशिवाय ते टाकू नका. स्टेरॉइडने लाली उतरते, दुखणे कमी होते आणि आत बुरशी मोकाट वाढते. टाकून झाले असेल तर लपवू नका. बाटली सोबत न्या.

3. मोठ्या रुग्णालयात: आधी खरवड

दुखणे, पाणी येणे, उजेड सहन न होणे, बुबुळावर पांढरा ठिपका दिसणे, यांतले काहीही असेल तर वाट पाहू नका. सेवाग्रामला सुशीला नायर यांनी घडवलेले कस्तुरबा रुग्णालय आहे आणि त्याच्यासोबत 1969 साली सुरू झालेले महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे नेत्रविभाग आणि सूक्ष्मजीवशास्त्र विभाग एकाच आवारात आहेत.

डॉक्टर स्लिट लॅम्पखाली डोळा पाहतात. फ्लुरोसिनचा थेंब टाकला की निळ्या उजेडात व्रण हिरवा चमकतो. मग डोळा बधिर करून व्रणाच्या कडेचा आणि तळाचा अंश खरवडून घेतात. पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर बुरशीचे धागे त्याच दिवशी दिसू शकतात. कल्चरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवून पाहताना, बुरशी वाढायला मात्र कित्येक दिवस, कधी दोन आठवडेही लागतात. खरवडण्याची भीती बाळगू नका. ही तपासणी स्वस्त आहे आणि निदानाचा पाया आजही हीच आहे.

4. लेझर तपासणी केव्हा विचारावी

व्रण खोल आहे पण वरची त्वचा मिटली आहे. खरवडीत काही सापडले नाही आणि व्रण वाढतोच आहे. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याला किंवा विहीर-कालव्याचे पाणी, माती डोळ्यात गेलेल्याला अतोनात दुखते आहे आणि अमीबाची शंका आहे. यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांना विचारा, ‘कॉन्फोकल तपासणीचा उपयोग होईल का?’

या तपासणीच्या यंत्रात 670 नॅनोमीटरचा क्षीण लाल लेझर असतो. तो काही कापत नाही, जाळत नाही. किरण कॉर्नियाच्या एका थरावर एकवटतो. परतणारा उजेड इतक्या बारीक छिद्रातून जातो की बाकीच्या थरांचा उजेड अडतो आणि त्या एकाच थराचे चित्र मिळते. एका चित्रात 0.4 मिलिमीटर लांबी-रुंदीचा भाग मावतो. तपासणीआधी बधिर करणारा थेंब टाकतात, जेल लावतात आणि निर्जंतुक टोपी घातलेले भिंग बुबुळाला अलगद टेकवतात. काही मिनिटे हनुवटी टेकवून समोर पाहत राहायचे असते. बुबुळाला छिद्र पडले असेल किंवा पडण्याच्या बेतात असेल तर डोळ्याला काहीही टेकवणे धोक्याचे, म्हणून ते डॉक्टरांना आधी ठरवू द्या.

हे यंत्र प्रत्येक जिल्ह्यात नसते. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत त्याचा दीर्घ अनुभव आहे आणि सेवाग्राम स्थानकावरून बल्लारशामार्गे तिकडे रेल्वे जाते. निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या. तपासणीच्या नादात सुरू असलेले औषध मात्र थांबवू नका.

5. अहवाल कसा समजून घ्यावा

बुरशीचे चमकदार धागे आणि अमीबाच्या 10 ते 25 मायक्रॉनच्या गोल पुटिका लेझरला दिसतात. एल. व्ही. प्रसाद संस्थेच्या 2011 सालच्या अभ्यासात अशा संसर्गांपैकी सुमारे 88 टक्के कॉन्फोकल तपासणीने पकडले गेले. पण बहुतेक जीवाणू एक-दोन मायक्रॉनचे असतात, ते यात ओळखता येत नाहीत. विषाणूही दिसत नाहीत. बुरशीची नेमकी जात कळायला कल्चरच लागते. शिवाय दाहाच्या पेशी कधी पुटिकांसारख्या भासतात, म्हणून चित्र वाचणाऱ्याचा अनुभव मोलाचा. ‘काही आढळले नाही’ याचा अर्थ ‘संसर्ग नाही’ असा घेऊ नका. अहवाल खरवडीच्या निकालाशेजारी ठेवूनच वाचायचा असतो.

बुरशी निघाली तर सहसा नॅटामायसिन 5 टक्के सुरू करतात. मदुराईच्या अरविंद नेत्ररुग्णालयाच्या सहभागाने झालेल्या आणि 2013 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते महागड्या व्होरिकोनॅझोलपेक्षा सरस ठरले. सुरुवातीला ते दर तासाला टाकावे लागते, रात्रीही. घरातल्या दोघांनी पाळी वाटून घ्या. अमीबावरचे उपचार महिनोन्‌महिने चालतात. बरे वाटले म्हणून थेंब सोडू नका.

निघताना सोबत ठेवा

कोणत्या दिवशी काय लागले, आजवर काय काय टाकले, आधीचे सगळे अहवाल आणि थेंबांच्या रिकाम्या बाटल्या. शक्य असेल तर रोजच्या उजेडात काढलेला डोळ्याचा फोटोही न्या. आणि पुढच्या मळणीआधी यंत्रावर उभे राहणाऱ्या प्रत्येकासाठी साधा संरक्षक चष्मा आणा. रोजंदारीवर आलेल्या बाया-माणसांसाठीही. तो आपण मजुरीइतकाच देणे लागतो, असे शेतमालकाने समजावे.