जुगाराचा पैसा गावात राहतो काय?



शेगावाजवळच्या एका खेड्यातील मंडळीत सायंकाळच्या अभ्यासवर्गास बसलो असता एका तरुणाने मला असे विचारले, "मास्तर, गोव्यात नदीवर जहाजे उभी करून त्यांवर कॅसिनो चालवितात. तेथे सरकारास कर मिळतो, पोरांस नोकऱ्या मिळतात. शेगावास तर बारा महिने परगावची माणसे उतरतात. तसे एखादे घर येथे निघाले तर आमचे दारिद्र्य का जाऊ नये?" प्रश्न थट्टेचा नव्हता. त्याच्या घरी थोडी कोरडवाहू जमीन आहे, धाकटी बहीण शिकत आहे, आणि कापूस विकून आलेला पैसा उन्हाळ्यापर्यंत पुरत नाही. जुगार वाईट, एवढे बोलून त्यास गप्प बसविणे सोपे होते. पण ते तो लहानपणापासून ऐकत आला आहे. त्याने हिशेब विचारला होता. म्हणून उपदेशक बंधूंनी आपापल्या वर्गात चालविण्यासाठी ह्या आठवड्याचा पाठ हिशेबाचाच दिला आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जुगाराचे घर वऱ्हाडात पुढे कधी यावयाचे आहे असे नाही. ते मागेच येऊन बसले आहे, आणि ते आपल्याच कापसाच्या वाटेने आले.

१८६१ पासून १८६५ पर्यंत अमेरिकेत यादवी युद्ध चालले होते. तिकडचा कापूस विलायतच्या गिरण्यांस मिळेनासा झाला, तेव्हा त्यांनी हिंदुस्थानाकडे हात पसरले आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतील कापसास कधी नव्हता असा भाव आला. मुंबईस त्या पैशाचा पूर लोटला, आणि पुराबरोबर सट्टाही आला. समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या कंपन्यांचे भाग लोक डोळे मिटून विकत घेऊ लागले. १८६५ साली युद्ध थांबले, कापसाचा भाव कोसळला, आणि कालचे लक्षाधीश दिवाळखोर झाले. मात्र व्यापाराची वाट मोडली नाही. १८६७ साली आगगाडी नागपुरास पोहोचली, १८७० साली जलंबहून खामगावास फाटा गेला, आणि ह्या रस्त्यावरील शेगाव, खामगाव, अकोला ही गावे कापसाच्या गाठींनी भरून गेली. येथल्या शेतकऱ्याचा भाव आता येथे ठरत नसे. तो तारेने येई.

ह्या तारेवरच मुंबईच्या लोकांनी पैजा लावण्यास आरंभ केला. न्यूयॉर्कच्या बाजारात कापसाचा भाव आज कोणत्या अंकावर उघडेल व कोणत्या अंकावर बंद होईल, ह्यावर आणे आणि रुपये लागत. ज्याने जन्मात कापसाचे बोंड पाहिले नाही तोही आकडा लावी. पुढे न्यूयॉर्कचे ते भाव येणे थांबले, तेव्हा वास्तविक हा खेळ मरावयास पाहिजे होता. परंतु १९६२ साली वरळीस कल्याणजी भगत ह्यांनी व १९६४ साली रतन खत्री ह्यांनी पत्ते काढून आकडा जाहीर करण्याची रीत चालू केली. चिठ्ठ्या मडक्यातून काढीत, म्हणून त्यास मटका हे नाव पडले. कापूस गेला आणि मडके तेवढे राहिले! तेच मडके पुढे पानाच्या टपऱ्यांतून खेडोपाडी पोहोचले.

येथे कोणी म्हणेल, शेती तरी काय निराळी आहे? पाऊस येईल की नाही ह्याचीच पैज नव्हे काय? हा आक्षेप मी पुष्कळदा ऐकला आहे आणि तो अगदीच पोकळ नाही. शेतकरी धोका पत्करतो हे खरे. पण पाऊस आला तर शेवटी शेतात कापूस उभा असतो, जो पूर्वी जगात नव्हता. त्यातून वेचणाऱ्या बायांस मजुरी, गाडीवाल्यास भाडे, जिनवाल्यास काम, आणि कोणाच्या तरी अंगास कापड मिळते. व्यापारी जो वायदा करितो त्यातही, तो प्रामाणिक असेल तर, पुढच्या भावाची धास्ती एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या खांद्यावर जाते आणि मालाचा सौदा होतो. आकड्यात कोणताच धोका आधीपासून नसतो. तो मुद्दाम निर्माण करावा लागतो, आणि खेळ संपल्यावर जगात एक तोळा कापूसही वाढलेला नसतो.

आता हिशेब. वर्गात फळा असेल तर हा फळ्यावर लिहावा. मटक्यात शून्यापासून नवापर्यंत दहा अंक असतात. ज्याचा अंक लागला त्यास रुपयास नऊ रुपये, हा त्याचा सर्वसाधारण दर. एका गावातील दहा माणसांनी दहा निरनिराळ्या अंकांवर एकेक रुपया लाविला असे समजा. दहा रुपये जमले, एकास नऊ मिळाले, एक रुपया गावाबाहेर गेला. लोकांस जिंकलेला मनुष्य दिसतो. गेलेला रुपया दिसत नाही, कारण तो कोणाच्याच एकट्याच्या खिशातून गेलेला नसतो. आता उरलेले पैसे दुसऱ्या दिवशी पुन्हा लागले, तिसऱ्या दिवशी पुन्हा. शंभराचे नव्वद, नव्वदाचे एक्यांशी, एक्यांशीचे सुमारे त्र्याहत्तर. येणेप्रमाणे सातव्या फेरीस गावापाशी शंभरातील अठ्ठेचाळीसच राहतात. ह्यात कोणी लबाडी केली असे नाही. खेळ अगदी सचोटीने चालला तरी असेच होते.

कॅसिनोतील चक्राचा हिशेब ह्याहून सौम्य आहे, हेही सांगितले पाहिजे. युरोपीय पद्धतीच्या चक्रावर सदतीस घरे असतात आणि जिंकणाऱ्यास त्याच्या रकमेसह छत्तीसपट मिळते. म्हणजे घरमालकाचा वाटा शंभरास तीन रुपयांहूनही थोडा कमी. परंतु मटक्याचा आकडा दिवसातून थोड्या वेळा निघतो, आणि चक्र घटकेत कितीतरी वेळा फिरते. सव्वीस फेऱ्या झाल्या की शंभराचे पन्नासापेक्षा कमी होतात. ज्याचा वाटा थोडा तो वेगाने भरून काढतो.

आता हाच हिशेब घराच्या उंबऱ्याशी आणू. २०२५-२६ च्या हंगामास मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलास ७,७१० रुपये ठरला. एखाद्या घरी दहा क्विंटल कापूस झाला आणि तो सारा हमीभावाने गेला, तर ७७,१०० रुपये आले. त्यातून बी, खत, फवारणी, वेचणी आणि मागील देणे वजा करावयाचे आहे. त्या घरचा पुरुष रोज पन्नास रुपयांचा आकडा लावीत असेल तर वर्षास १८,२५० रुपये लागले, म्हणजे सव्वादोन क्विंटलांहून अधिक कापूस. न्यायाने बोलावयाचे तर त्यातील नऊ दशांश त्यास केव्हा ना केव्हा परत मिळावयास पाहिजेत. पण जिंकलेला पैसा पिठाच्या डब्यात जातो असे आपण कितीदा पाहिले आहे? तो पुन्हा मडक्यात जातो. नाहीतर त्या रात्रीच्या मित्रमंडळीत जातो. घरात कळते ते एवढेच की, दुकानदाराची उधारी वाढली.

आता त्या तरुणाच्या मुख्य प्रश्नाकडे येऊ. परगावची माणसे येतात आणि पैसा टाकून जातात, हे शेगावास खरेच लाभदायक झाले आहे. श्री गजानन महाराज १८७८ साली ह्या गावी प्रकट झाले असे त्यांचे भक्त मानतात; १९१० साली त्यांनी समाधी घेतल्यापासून यात्रेकरूंचा ओघ वाढतच गेला. आपला धर्म त्यांहून भिन्न आहे, पण बाजाराचा हिशेब करिताना खरे ते मांडले पाहिजे. यात्रेकरू स्टेशनावर उतरतो आणि कचोरी घेतो. त्या पैशातून मैदा, डाळ, तेल, मिरची ह्यांचे मोल दिले जाते, तळणाऱ्यास रोज मिळतो, तो संध्याकाळी भाजी घेतो, भाजीवाली मुलाची फी भरते. एकच रुपया गावातल्या गावात चार दारी फिरतो, आणि ज्याने तो दिला त्याचेही पोट भरलेले असते. तो पुढल्या वर्षी पुन्हा येतो. आकड्याचा रुपया टपरीवर थोडा कट ठेवून तालुक्यास जातो, तेथून मोठ्या शहरास जातो. तो भाजीवालीस भेटत नाही.

मग गोव्याचे काय? तेथील १९७६ चा जुगारविषयक कायदा बंदीचाच होता. त्यात १९९२ साली दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत नाण्यांची यंत्रे चालविण्यास मुभा मिळाली, आणि १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवरील खेळांची वाट मोकळी झाली. आज पणजीपाशी मांडवी नदीत अशी सहा जहाजे आहेत. सरकारास कोट्यवधी रुपयांचे वार्षिक शुल्क मिळते, कर निराळा; २२ सप्टेंबर २०२५ पासून ह्या खेळांवरील वस्तू व सेवा कर शंभरास चाळीस झाला आहे. हजारो लोकांस त्या जहाजांवर, हॉटेलांत आणि टॅक्सींवर काम मिळाले, हे नाकारून चालणार नाही. पण मी त्या तरुणास एकच गोष्ट विचारली: गोव्याच्या सरकारने १ फेब्रुवारी २०२० पासून कोणास त्या जहाजांवर खेळण्याची बंदी केली आहे, ठाऊक आहे काय? त्यास वाटले, चोरांस. बंदी गोव्याच्या रहिवाशांस आहे. मोनाकोतही तसेच. तेथे १८६३ साली माँटे कार्लोचे जुगारगृह उघडले, त्याच्या उत्पन्नावर १८६९ साली प्रजेवरील प्राप्तिकर माफ झाला, आणि तरीही मोनाकोच्या स्वतःच्या नागरिकास त्या जुगारगृहात खेळता येत नाही. जो हा धंदा उत्तम जाणतो तो आपल्या पोरांस त्याच्या दाराशी उभे करीत नाही. मग तेथे पैसा कोणाचा येतो? पुण्याचा, मुंबईचा, बेळगावचा. कधी बुलढाण्याचाही येत असेल. गोव्याच्या खात्यावर जी जमा दिसते ती आपल्या खात्यावर खर्ची पडलेली आहे.

एक योगायोग पाहा. त्याच १९७६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने कॅसिनोस परवाना देण्याचा व त्यावर कर बसविण्याचा कायदा केला, आणि त्याच साली अमेरिकेत न्यू जर्सी राज्याच्या मतदारांनी अटलांटिक सिटी ह्या समुद्रकाठच्या गावी कॅसिनो काढण्यास संमती दिली. महाराष्ट्राचा कायदा कधी अमलात आलाच नाही. सत्तेचाळीस वर्षे तो कागदावर राहिला आणि २०२३ साली रद्द झाला. अमेरिकेतील गावाने मात्र प्रयोग करून पाहिला. गाव पडतीचे होते, कॅसिनोने ते वर येईल अशी आशा होती. १९७८ साली पहिले घर उघडले. माणसे लोटली, नोकऱ्या निघाल्या. परंतु पाहुणा कॅसिनोतच जेवे, तेथेच झोपे आणि तेथूनच परत जाई. गावातील जुन्या खाणावळी एकेक करून बंद पडल्या. पुढे शेजारच्या राज्यांनीही कॅसिनो काढले तेव्हा गिऱ्हाइके तिकडे वळली, आणि २०१४ ह्या एकाच वर्षी बारांतील चार घरांस कुलूप लागून हजारो माणसे बेकार झाली. कॅसिनोच्या गावाची मिळकत शेजाऱ्याने मनाई चालू ठेवण्यावर अवलंबून असते. कचोरीस अशी अट नाही.

आणि शेगावास असे घर काढले तर गिऱ्हाईक कोण? यात्रेकरू तो पैसा घेऊन येत नाही. विमानाने येणारा धनिक जलंबच्या फाट्यावरून खेळण्यास येणार नाही. उरतो तो कापसाचे पैसे खिशात घालून बाजारातून निघालेला आपलाच मनुष्य.

दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची, पण येथे थोडक्यात सांगतो. आता घर बांधण्याचीही गरज राहिलेली नाही. मोबाईलवर ते खाटेपर्यंत आले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळावयाच्या अशा खेळांवर बंदीचा कायदा केला. देशातील सुमारे पंचेचाळीस कोटी लोक ह्यांत वर्षास सुमारे वीस हजार कोटी रुपये गमावीत, असा अंदाज त्या वेळी सरकारतर्फे सांगण्यात आला. कायद्याने दार लाविले, तरी चोरवाटा असतात. टपरीवर जाणारा मनुष्य निदान चारचौघांस दिसे; मोबाईलवरचा आपल्या शेजारी बसूनही दिसत नाही. म्हणून उपदेशकांनी, घरात धान्य आहे काय, मुलाचे नाव शाळेत आहे काय, कोणाकडून नवे कर्ज काढले आहे काय, असे साधे प्रश्न विचारावे, आणि उत्तर मिळाले तर ते चारचौघांत बोलू नये. कर्जात बुडालेला मनुष्य पहिल्याने लाजेत बुडालेला असतो, आणि ती लाज त्यास पुन्हा एकदा, शेवटचे म्हणून, आकडा लावावयास नेते.

वर्गात एक प्रश्न हमखास निघतो: शिष्यांनीही मत्थियाची निवड करिताना चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या काय? टाकल्या. पण तेथे कोणाची रक्कम कोणास मिळावयाची नव्हती. दोघांतून एकास कामावर नेमावयाचे होते. ज्या चिठ्ठ्यांत एकाची वस्तू दुसऱ्याच्या हाती जाते त्यांचे उदाहरण हवे असेल तर वधस्तंभाखाली बसलेल्या शिपायांकडे पाहावे.

त्या तरुणाने त्या रात्री कंदिलाशेजारी बसून पन्नास रुपयांचा हिशेब स्वतः पुन्हा मांडला, कारण त्यास माझा गुणाकार खरा वाटेना. आकडा तोच निघाला. मग त्याने हळूच विचारले की, थोरल्या चुलत्यांस हा कागद दाखविला तर ते रागावतील काय? मी म्हटले, कागद दाखवू नको. वही व पेन्सिल त्यांच्याच हाती दे आणि तूच प्रश्न विचार. पुढील वर्गास तो त्यांस बरोबर घेऊन येणार आहे. ज्या मंडळ्यांत हा पाठ चालेल तेथे प्रत्येक घराने तोवर एवढे लिहून आणावे: मागील हंगामाचे पैसे कोणत्या दिवशी आले, आणि कोणत्या दिवशी संपले.