ऑडिटच्या वेळी इंग्रजी अडते, काय करू?

प्रश्न : मी संत तुकाराम नगरला राहतो, चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. शिक्षण मराठी माध्यमात झाले. इंग्रजी मेल लिहिता येतो, पण जर्मन किंवा कोरियन पाहुणे ऑडिटला आले की तोंडच उघडत नाही. काय करावे?
– एक वाचक

उत्तर : तुम्हाला काम येते, ही तुमची मोठी शिदोरी आहे. समोरच्या जर्मन किंवा कोरियन माणसाचीही इंग्रजी ही सहसा मातृभाषा नसते. त्याला सोपी, स्पष्ट वाक्ये हवी असतात.

मनात मराठी वाक्य रचून त्याचे भाषांतर करू लागलात की अडखळणारच. म्हणून कामाची चार वाक्ये तयार ठेवा : दोष कोणता, कुठे आढळला, किती नगांत, उपाय काय केला. रोज एका खऱ्या रिजेक्शनवर ती मोठ्याने बोला, मोबाइलवर रेकॉर्ड करा, ऐका, पुन्हा बोला.

शब्द जपून निवडा. ‘आय हॅव अ डाउट’ म्हटले तर परदेशी माणसाला तुमचा विश्वास नाही असे वाटू शकते. ‘आय हॅव अ क्वेश्चन’ म्हणा. ‘डिस्कस’नंतर ‘अबाउट’ नको. ‘से मी’ नव्हे, ‘टेल मी’. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ सारखेच ऐकू येतात, तेव्हा ‘वन फाइव्ह’ असे अंक सुटे सांगा.

समजले नाही तर नुसती मान डोलावू नका. ‘कुड यू से दॅट अगेन, प्लीज?’ असे विचारण्यात कमीपणा नाही. उच्चार मराठी वळणाचा राहिला तरी चालेल, वेग मात्र कमी ठेवा. उद्याच्या शिफ्ट मीटिंगमध्ये एक मुद्दा इंग्रजीत मांडून सुरुवात करा.