नाशिक आणि चित्रपट

नाशिकास येणारा यात्रेकरू रामकुंड व पंचवटी पाहून परततो. परंतु चित्रपटाच्या इतिहासातही या नगरास मोठे स्थान आहे. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेले दादासाहेब फाळके १९१३ साली मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ दाखवून नाशिकास आले. येथेच त्यांनी १९१७ चा ‘लंकादहन’ निर्माण केला. त्यात राम व सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटाने केल्या! त्या चित्रपटाचे आज थोडे तुकडेच उरले आहेत. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी असलेले फाळके-स्मारक पाहताना आमच्या मनात आले, डोंगरातील कोरीव दगड सुमारे दोन सहस्र वर्षे टिकला. ज्वालाग्राही फीत मात्र शतकही पुरे करू शकली नाही. विद्यार्थिमित्रहो, जे नाजूक, ते अगोदर जपावे.