जर्मनीला आधी तुझ्याकडून कळू दे

पोरी, चाकणचा कारखाना तुझ्या हाती आला. पेढे खाऊन झाले, आता मामाचं ऐक. कंपनी जर्मन असो, जपानी असो की अमेरिकी, मुख्यालयाला तुझा कारखाना दिसत नाही. त्यांना दिसतो महिन्याचा तक्ता आणि तुझा मेल. त्यामुळे तुझी निम्मी नोकरी शॉप फ्लोअरवर आहे आणि निम्मी इकडची बातमी तिकडे, तिकडची इकडे नेण्यात.

वाईट बातमी सगळ्यात आधी पोचव. ‘आधी निस्तरू, मग सांगू’ ही आपल्याकडची जुनी खोड. स्थानिक गिऱ्हाइकाच्या बाबतीत ती एक वेळ खपून जाते. टेम्पो परत बोलावता येतो. न्हावाशेव्याहून सुटलेलं जहाज परत येत नाही. 2023च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाल्यावर मोठ्या कंपन्यांनी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून नेली आणि युरोपचा प्रवास दहा-बारा दिवसांनी लांबला. तू आठवडाभर निस्तरत बसलीस तर तेवढ्यात आणखी दोन कंटेनर त्याच खराब मालाचे निघालेले असतात. मग माल विमानाने पाठवायची पाळी येते, आणि त्या बिलावर तुझं नाव असतं.

दोष कळला की चोवीस तासांच्या आत आधी फोन, मग छोटा मेल. काय बिघडलं, कुठल्या बॅचमध्ये, किती नग. ते नग आत्ता कुठे आहेत: आपल्या स्टोअरमध्ये, वाटेत की गिऱ्हाइकाच्या लाइनवर. आपण काय थांबवलं. पुढची बातमी कधी देणार. कारण सापडलं नसेल तर सापडलं नाही असंच लिही. घाईत ऑपरेटरच्या माथी मारू नकोस. कारण चुकीचं निघालं तर पुढच्या वेळी तुझा खरा रिपोर्टही कोणी खरा मानणार नाही.

घड्याळाचं बघ. जर्मनी आपल्या मागे उन्हाळ्यात साडेतीन तास, हिवाळ्यात साडेचार. त्यांची घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. अमेरिका मार्चमध्ये आधी बदलते आणि नोव्हेंबरमध्ये नंतर, त्यामुळे तिघांची मिटिंग असली की वर्षातून दोनदा हमखास गोंधळ. मिटिंग कोणाच्या घड्याळाने, ते आमंत्रणातच लिही. शिफ्ट बदलायच्या वेळेला कॉल घेऊ नकोस. त्या अर्ध्या तासात तू लाइनवर दिसायला हवीस. आपल्या पिंपरी-चिंचवड-भोसरी पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, आणि हे त्यांच्या डोक्यात काही केल्या बसत नाही. तुझ्याकडची सुट्टी कुठल्या वारी, गणपतीत कोकणातली मंडळी किती दिवस नसणार, दसऱ्याला मशीनची पूजा कधी, पालखीच्या दिवसांत अवजड गाड्या कुठल्या रस्त्याने वळवतात, हे सगळं डिसेंबरातच कॅलेंडर करून पाठव. त्यांचंही कॅलेंडर भिंतीवर लाव. ऑगस्टमध्ये ड्रॉइंगवर सही करायला तिथे कोणी सापडत नाही, आणि नाताळ ते नवं वर्ष फोनही वाजत राहतो. जे मंजूर करून घ्यायचं ते जुलैच्या मध्याआधी.

आकडे लिहिताना डोळ्यांत तेल घाल. आपला 1,250 म्हणजे साडेबाराशे. जर्मन माणूस तो सव्वा वाचतो. आपला 1,25,000 पाहून तर त्याला टायपिंगची चूक वाटते. तारखेत महिना नेहमी अक्षरी.

आता कामगार. इथे घाई करू नकोस. पगारवाढीचा करार संपायच्या सहा महिने आधीपासून युनियनशी बोलणी सुरू कर आणि मुख्यालयाला किती टक्क्यांपर्यंत जाता येईल ते लेखी घे, नाहीतर इथे शब्द देशील आणि तिथून नकार येईल. कंत्राटदाराच्या पोरांचं पगारपत्रक महिन्यातून एकदा स्वतः वाच: पीएफ भरला का, ओटी दुप्पट दराने दिला का. ते काम एचआरचं आहे, मान्य. पण 2023पासून जर्मनीत पुरवठासाखळीचा कायदा लागू आहे आणि हे प्रश्न थेट तिथून येतात. शिवाय तिथल्या दोन हजारांहून अधिक कामगारांच्या कंपन्यांत देखरेख मंडळावर निम्मे प्रतिनिधी कामगारांचे असतात, 1976च्या कायद्यानुसार. तुझ्या गेटवरच्या घोषणा त्यांच्या कानावर जायला वेळ लागत नाही. ते मॅनेजमेंटला विचारतात आणि मॅनेजमेंट तुला. परवान्यावर मॅनेजर म्हणून तुझंच नाव असेल तर अपघात झाला की इन्स्पेक्टरही मुख्यालयाला नाही, तुला शोधत येतो. म्हणून सेफ्टी गार्ड काढून मशीन चालवायला कोणी सांगितलं, मग तो कितीही मोठा साहेब असो, तर मशीन बंद ठेव.

कारखाना उत्तम चालला म्हणजे तो वाचला असं धरून चालू नकोस. तळेगावचं बघ. जनरल मोटर्सने 2017च्या अखेरीस भारतात गाड्या विकणं थांबवलं, निर्यात सुरू ठेवली आणि डिसेंबर 2020मध्ये उत्पादनही बंद केलं. कामगार लढले. पुढे 2023मध्ये ह्युंदाईने तो कारखाना घेण्याचा करार केला. इतका मोठा निर्णय तळेगावात थोडाच होतो! नवं मॉडेल कुठल्या देशाला द्यायचं हे काही वर्षं आधी ठरतं. त्या बैठकीत आपला पार्ट मांडणारा माणूस कोण, हे आत्ताच शोध. तो तुझा थेट बॉस असेलच असं नाही. बऱ्याचदा तो खरेदीत किंवा डिझाइनमध्ये बसलेला असतो. त्याला चाकणला बोलाव, ऑडिटशिवाय, आणि लाइनवर तुझ्या सुपरवायझरला बोलू दे. तू मागे राहा. इंग्रजी मोडकं असलं तरी चालेल; मशीन समोर असतं.

शेवटचं. तिकडून आलेले साहेब तीन-चार वर्षांत बदलून जातात. तोंडी बरंच देऊन ठेवतात: नवं प्रेस मशीन, दोन माणसं, कॅन्टीनची शेड. बदलीची कुजबुज कानावर आली की त्याच आठवड्यात सगळी यादी मेल कर आणि त्याचं उत्तर मेलवरच घे. निरोपसमारंभाच्या दिवसापर्यंत थांबू नकोस. तोवर त्याचा मेल बंद झालेला असतो.